पळसाची लाख आणि दहा रागांची तबकडी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना पळस कोणी नव्याने दाखवायला नको. त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात, फुलांचा रंग होतो आणि फाल्गुनात तर सारे रान त्याच्यामुळे पेटल्यासारखे दिसते. पण या झाडाच्या फांदीवर मिळणाऱ्या एका वस्तूने अर्धशतकाहून अधिक काळ साऱ्या जगाला गाणे ऐकवले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ती वस्तू म्हणजे लाख. जुन्या ग्रामोफोनची काळी तबकडी या लाखेपासून बनत असे.

आज गाणे ऐकायला तबकडी लागत नाही. तरीही जुन्या तबकड्या शोधत हिंडणारे, एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या छपायांतला फरक कान देऊन ऐकणारे दर्दी लोक जगभर आहेत. इतर लोक त्यांना वेडे समजतात. हे वेड मुळीच निरर्थक नाही. ते समजून घ्यायचे तर आधी तबकडी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी पळसाच्या फांदीपासूनच सुरुवात करू.

फांदीवरून कारखान्यात

लाखेचा कीडा फार लहान असतो. अंड्यातून बाहेर आलेले पिलू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब आणि तांबडे असते. पळस, बोर किंवा कुसुम यांच्या कोवळ्या फांदीवर ते जागा धरते, सालीत सोंड खुपसते आणि रस शोषू लागते. मग त्याच्या अंगातून राळेसारखा पदार्थ पाझरतो. हजारो किड्यांची अशी आवरणे एकमेकांना चिकटली, की फांदीभोवती जाड खडबडीत कवच तयार होते. हीच लाख. ती खरवडून, कुटून, धुऊन आणि वितळवून गाळली, की तिचे पातळ, चमकदार पापुद्रे मिळतात. त्यांना चपडा म्हणतात. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो तो हाच. गोंदिया, गडचिरोली या भागांत आजही लाखेचे उत्पादन होते.

एमिल बर्लिनर या संशोधकाने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. सुरुवातीला त्याने कडक रबराच्या तबकड्या करून पाहिल्या, पण त्या समाधानकारक ठरल्या नाहीत. १८९५ नंतर चपड्याचा वापर सुरू झाला आणि प्रश्न सुटला. लाख तापवली की मऊ होते, साच्यात दाबली की बारीकसारीक रेषेसुद्धा उचलते आणि थंड झाली की कडक होऊन तो आकार सोडत नाही. तबकडीला नेमके हेच गुण हवे होते.

ती तबकडी निव्वळ लाखेची मात्र नसे. तिच्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळत. लाखेचे काम हे सारे बांधून ठेवण्याचे. भुकटी घालण्यामागे आणखी एक युक्ती होती. पोलादी सुई त्या खरखरीत खाचेत थोडी झिजे आणि खाचेच्या आकाराची होऊन तिच्यात नीट बसे. म्हणूनच दर वेळी नवी सुई लावण्याचा प्रघात होता. जुन्या गाण्यामागे ऐकू येणारी ‘खर्रर्र’ ही त्या भुकटीचीच.

तीन मिनिटांचे गाणे

लाखेची तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणजे सुमारे २५० फेरे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तबकड्या छापण्यासाठी जर्मनीला जावे लागे. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला आणि हे काम देशातच होऊ लागले. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत मांडण्याची कला आपल्या गायकांना अंगी बाणवावी लागली, ती या मर्यादेमुळे.

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा विस्कळीत झाला. अमेरिकेत तिच्या वापरावर १९४२ मध्ये सरकारी निर्बंध आले. पर्याय म्हणून विनाइल या प्लॅस्टिककडे लक्ष वळले. विनाइल लाखेपेक्षा लवचीक, सहसा न फुटणारे आणि गुळगुळीत. त्यात भुकटी नको, म्हणून खरखरही कमी आणि खाचही पुष्कळ अरुंद करता येते. १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लांब तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वाजवता येऊ लागले. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षे निघत होत्या, पण शेवटी विनाइलने त्यांची जागा घेतली.

पदार्थ बदलला, तरी तबकडी तयार करण्याची मूळ रीत तीच राहिली. तबकडी ‘छापतात’. आधी एका मऊ थराच्या तबकडीवर ध्वनीच्या कंपनांप्रमाणे नागमोडी खाच कोरतात. तिच्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवून उलटा साचा काढतात. या साच्यापासून सुलटी प्रत आणि सुलट्या प्रतीवरून पुन्हा उलटे ठसे घेतात. खाचेच्या जागी ठशावर उंचवटा असतो. दोन ठशांच्या मधे तापलेल्या विनाइलचा गोळा ठेवून दाबला, की तबकडी तयार!

एका ठशातून हजारभर तबकड्या काढल्या की त्याचे बारीक कंगोरे बोथट होऊ लागतात. म्हणून नव्या ठशाची प्रत आणि झिजलेल्या ठशाची प्रत सारखी वाजत नाही. पुढे काही वर्षांनी तेच गाणे पुन्हा कोरले, तर कोरणाऱ्याचा हात आणि त्याचा कान बदललेला असतो. दर्दी माणूस ‘ही पहिली छपाई का?’ असे विचारतो, ते यासाठी.

१९८२ मधली एक तबकडी

१९८२ हे साल तुमच्या भागात कोणी विसरणार नाही. त्या वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला. त्याच वर्षी मुंबईत एक तबकडी मुद्रित झाली. तिची मात्र त्या वेळी कोणी फारशी दखल घेतली नाही.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक होते. पडद्यावर त्यांचे नाव झळकत नसे. नवनवी विद्युत् वाद्ये आणून हाताळण्याची त्यांना हौस होती. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी एकत्र जोडली : सूर वाजवण्यासाठी ‘ज्युपिटर-८’, ठेक्यासाठी ‘टीआर-८०८’ आणि खर्जासाठी ‘टीबी-३०३’. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग वाजवले. ठेका डिस्कोचा होता. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने ही एलपी काढली.

‘टीबी-३०३’ची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात सोळा घरांची एक साखळी असते. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा. यंत्र ती साखळी पुन:पुन्हा फिरवत राहते. मालकंस हवा असेल तर ऋषभ आणि पंचम घरात भरायचेच नाहीत, म्हणजे यंत्राकडून रागाबाहेरचा स्वर निघणारच नाही! शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. आपल्या संगीतात अशा घसरणीला मींड म्हणतात. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात मींड नव्हती. गिटारवादकाला सरावासाठी साथ मिळावी, एवढाच त्यांचा हेतू होता. मींडेचा उपयोग चरणजित सिंगांच्या कानाला सुचला.

ते यंत्रही खपले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ही तबकडीही खपली नाही. डिस्कोवाल्यांना राग नको होते आणि रागवाल्यांना डिस्को. पुढे स्वस्तात मिळणारी जुनी ‘३०३’ यंत्रे अमेरिकेतल्या शिकागोच्या तरुणांनी घेतली. त्यांतून १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा संगीतप्रकार जगभर गाजला. चिवट, गुरगुरणारा, घसरता खर्ज ही त्याची खूण.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंगांची जुनी तबकडी मिळाली. ती लावल्यावर त्याला तोच खर्ज ऐकू आला, आणि साल पाहावे तर १९८२! शिकागोने मुंबईची नक्कल केली, असे मात्र समजू नका. एकच यंत्र दोन दूरच्या शहरांत दोन वेगळ्या कानांच्या हाती पडले होते. २०१० मध्ये बाउमनने ही तबकडी नव्याने छापून काढली. त्यानंतर तिचे चाहते देशोदेशी निर्माण झाले आणि सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. म्हणजे तबकडी निघाल्यावर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी तिला श्रोता मिळाला, पण तो कलावंताच्या हयातीत मिळाला.

गणित करून पाहा

आता या तबकडीच्या छपाईची चर्चा चाहते का करतात, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू. दहा राग, दोन बाजू, म्हणजे एका बाजूला पाच. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा धरला, तर एका बाजूवर २५ मिनिटे. २५ ला ३३⅓ ने गुणा. सुमारे ८३३ फेरे होतात. एलपीवर खाचेसाठी बाहेरून आत मोजली तर साडेआठ सें.मी. रुंद जागा असते. ८५ मि.मी.ला ८३३ ने भागा. दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये जेमतेम ०.१ मि.मी. अंतर मिळते. आपला केस साधारण एवढाच जाड!

खर्जाची कंपने खाचेला दोन्ही बाजूंना जास्त हलवतात, म्हणून खर्जाला जागा अधिक लागते. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना ध्वनिवर्धक तो पुन्हा वाढवतो. तरीही बाजू जितकी लांब तितकी दाटी अधिक. खर्ज हाच जिचा प्राण आहे अशा तबकडीत ही दाटी कानाला जाणवते. म्हणून लांब तबकडीची नवी आवृत्ती कधी कधी दोन तबकड्यांवर पसरून काढतात.

दुसरे गणित वेगाचे. बाहेरच्या फेऱ्याची त्रिज्या १४.६ सें.मी. आणि आतल्याची ६ सें.मी. धरा. फेऱ्याला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, १.८ सेकंद. म्हणजे सुईखालून खाच बाहेर सेकंदाला सुमारे ५१ सें.मी. सरकते, तर आत फक्त २१ सें.मी. सेकंदाला १०,००० कंपनांचा बारीक आवाज बाहेर ०.०५ मि.मी. लांबीच्या लाटेत कोरला जातो, पण आत त्याला ०.०२ मि.मी. एवढ्याच लांबीत बसावे लागते. त्यामुळे शेवटचे गाणे बहुधा पहिल्याइतके खुलत नाही. दर्दी माणसाला हे कानाने कळते. तुम्हांला ते त्रैराशिकाने कळले.

घरातला ठेवा

अनेक जुन्या ध्वनिमुद्रणांचे मूळ धातूचे साचे आज अस्तित्वात नाहीत. अशा वेळी कुणाच्या तरी माळ्यावर उरलेली तबकडी हेच त्या आवाजाचे एकमेव घर असते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या सभासदांनी अशा पुष्कळ तबकड्या जमवल्या, त्यांच्या नोंदी केल्या आणि एकत्र बसून त्या ऐकल्या.

तुमच्या घरी, शाळेत किंवा गावातल्या वाचनालयात अशी तबकडी सापडली तर काय कराल? ती वाकवून किंवा आपटून पाहू नका. उचलून अंदाज घ्या. लाखेची तबकडी जड आणि ठिसूळ असते, विनाइलची हलकी आणि लवचीक. ७८ फेऱ्यांची आहे की ३३⅓ फेऱ्यांची, ते मधल्या कागदावर बहुधा लिहिलेले असते. कागदाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात भिंगाने पाहा; तिथे कोरलेले आकडे दिसतील. ते साच्याचे आकडे, आणि छपाई कोणती हे त्यांवरूनच ओळखतात. तबकडी उभी ठेवा, उन्हापासून दूर ठेवा. आणि सुताराची युक्ती ध्यानात असू द्या : चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. त्यामुळे लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली, तर धुळीबरोबर गाणेही पुसले जाईल! मऊ, कोरड्या फडक्याने हलकेच धूळ काढा.

मग वहीत कलावंताचे नाव, गाणे, कंपनी आणि कड्यातले आकडे यांची नोंद करा. शिक्षकांनी मनावर घेतले तर वर्गातल्या मुलांकडून साऱ्या गावाची यादी एका सुट्टीत तयार होईल. तीत मोठे नाव सापडले नाही, तरी नोंद सोडू नका. चरणजित सिंग हे नावही १९८२ मध्ये मोठे नव्हते.