गवताची नोंद झाली, माणसांची राहिली

आधी मामांच्या पापण्या सुजल्या. ज्येष्ठ सरत आला होता, पहिला पाऊस होऊन गेला होता आणि बांधावरचं गवत काढायचं काम चाललं होतं. मामींना वाटलं, कसला तरी किडा चावला. मग मान लाल झाली, कानांच्या मागची कातडी फुटली, कोपराच्या लवणीत चट्टे उठले. खाज अशी की मामा रात्री अंगणात फेऱ्या मारत. दिवाळीनंतर सगळं निवलं, म्हणून सगळे विसरले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. चार वर्षांत कपाळाची कातडी जाड होऊन तिला घड्या पडल्या. कुणी उष्णता म्हणालं, कुणी गजकर्ण. मेडिकलच्या दुकानातून मलमाच्या ट्यूबा येत राहिल्या. एका लग्नात पंगतीत मामांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. महारोग असेल, असं कुणीतरी कुजबुजलं होतं. मामा पुन्हा पंगतीला बसले नाहीत.

हा रोग गाजर गवताचा होता. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. गाजरासारखी पानं आणि पांढरी बारीक फुलं. शहरात मोकळ्या प्लॉटवर, गावात बांधावर, रुळांच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, सगळीकडे दिसणारं. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात आणि ओल मिळाली की वर्षात तीन-चार पिढ्या निघतात.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची पहिली ठळक नोंद आपल्या पुण्याचीच आहे. 1955 मध्ये ते इथे उकिरड्यांवर दिसलं आणि 1956 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली. अमेरिकेबरोबरच्या पीएल-480 करारातल्या गव्हातून ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण भारताचा तो करार ऑगस्ट 1956 चा आहे, गवत त्याआधी दिसलेलं. अमेरिकेचं धान्य 1951 पासूनच येत होतं, त्यामुळे ते धान्याबरोबर आलं असणं शक्य आहे; फक्त त्या कराराच्या माथी ते मारता येत नाही. गव्हाच्या वादात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. 1974 मध्ये पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगावर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे माणसाला काय होतं, हे कळून अर्धशतक उलटलं.

नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गवताच्या पानांवर, खोडावर, फुलांवर बारीक लव असते आणि तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. शरीर सुरुवातीला काहीच बोलत नाही. माणूस वर्षानुवर्षं हाताने गवत उपटतो आणि त्याला काही होत नाही. पण एखाद्याच्या बाबतीत संरक्षक पेशी या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. एकदा शिकल्या की सहसा विसरत नाहीत. पुढे प्रत्येक संपर्कानंतर पुरळ उठतं, तेही लगेच नाही, तर एक-दोन दिवसांनी. सोमवारी गवत काढलं आणि बुधवारी चेहरा सुजला, तर कोण त्या गवताला दोष देणार? शिवाय हात लावायचीही गरज नसते. वाळून चुरा झालेलं गवत वाऱ्याने उडतं आणि चेहऱ्यावर, मानेवर, पापण्यांवर बसतं. मेलेलं गवतही तितकंच वाईट. काही रुग्णांची कातडी पुढे उन्हालाच घाबरू लागते, मग गवत नसलेल्या जागीही सुटका नाही. परागकणांनी नाक-डोळे धरतात ते वेगळंच. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूतल्या एका अभ्यासात सुमारे 7 टक्के लोकांना या परागकणांमुळे ॲलर्जीची सर्दी असल्याचं आढळलं होतं.

निदानाला पॅच टेस्ट लागते. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, एकेका चकतीत एकेक द्रव्य. भारतातल्या नेहमीच्या संचात पार्थेनियम असतंच. मामांना पुण्यातल्या एका रुग्णालयात नेलं तेव्हा मी बरोबर होतो. सोमवारी चकत्या लावल्या, निळ्या शाईने खुणा केल्या. दोन दिवस आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही, पाठ टेकताना जपायचं. बुधवारी काढून पाहिल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिल्या. पार्थेनियमच्या खुणेपाशी पाणीदार फोडांचा लाल गोल उठला होता. मामांनी तो माझ्या मोबाईलमधल्या फोटोत पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी मला महारोग न्हवता." आठवड्यात तीन खेपा, एसटीचं भाडं, तीन दिवसांचं काम बुडालं. मामांची स्वतःची थोडी जमीन आहे, म्हणून जमलं. रोजाने खुरपणीला जाणारी बाई तीन खेपा कशा घालणार?

इथे सरकारचा प्रश्न येतो. गवताविरुद्ध सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. कर्नाटकाने 1975 मध्ये त्याला उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. 1983 मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचे भुंगे बंगळुरूला आणले आणि पुढच्या वर्षी मोकळे सोडले. हे भुंगे पावसाळ्यात या गवताची पानं फस्त करतात. मध्ये ते सूर्यफुलावर दिसले म्हणून गहजब झाला, केंद्राने समिती नेमली, चौकशी झाली. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळतं. गवतासाठी कायदा, कीटक, समिती, सप्ताह, सगळं झालं. गवतामुळे आजारी पडलेल्या माणसासाठी काय झालं?

कारखान्यातला कामगार रसायनाने किंवा रंगाने त्वचारोग होऊन डॉक्टरकडे गेला, तर तो रोग 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. डॉक्टरने तो मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणं बंधनकारक होतं. नव्या श्रमसंहितेतही कळवायच्या रोगांची यादी आहे. पाकीटबंद खाण्यावर शेंगदाणा, दूध, अंडी, सोयाबीन असं काही असल्यास ते छापायचं, असा 2020 चा अन्न सुरक्षा नियम आहे. म्हणजे कारखान्यातला माणूस आणि दुकानातलं गिऱ्हाईक, दोघांच्या ॲलर्जीचा विचार कायद्याने केला. बांधावर, रुळांवर, रस्त्याच्या कडेला गवत काढणारा माणूस यांपैकी कशातच बसत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. हा रोग माणसाला खाटेवर नेत नाही. तो वर्षानुवर्षं ओपीडीच्या रांगेत उभा करतो.

औषधंही फार महाग आहेत असं नाही. ॲझाथायोप्रिन हे जुनं औषध या रोगात चांगलं उपयोगी पडतं, हे दिल्लीच्या एम्सच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे. पण ते चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं आणि ती तपासणी गावाजवळ हवी. तशी सोय नसली की माणूस पुन्हा मेडिकलमधल्या स्टेरॉइडच्या ट्यूबकडे वळतो. तिने आठ दिवस बरं वाटतं आणि कातडी पातळ होत जाते.

जपानचं उदाहरण इथे सांगावंसं वाटतं. युद्धानंतर तिथल्या सरकारने डोंगरच्या डोंगर सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडांनी भरून काढले. आज सुमारे 40 टक्के जपानी माणसांना परागकणांची ॲलर्जी आहे. त्यांनी 2014 मध्ये ॲलर्जीच्या रोगांसाठी स्वतंत्र मूलभूत कायदा केला. दमा, त्वचा, नाक, डोळे, परागकण आणि अन्न असे सहा प्रकार त्यात नावानिशी घातले. प्रत्येक प्रांतात ॲलर्जीसाठी मुख्य रुग्णालय ठरवायचं धोरण आखलं. 2023 मध्ये सरकारने ठरवलं की परागकण सोडणारी सुगीची लागवड दहा वर्षांत सुमारे 20 टक्क्यांनी घटवायची आणि तीस वर्षांत परागकण निम्म्यावर आणायचे. झाड आणि माणूस, दोघांची जबाबदारी एकाच सरकारने एकत्र घेतली. मला यात शिकण्यासारखं हे वाटतं की तिथे ॲलर्जी ही एकट्याची कटकट राहिली नाही, ती सार्वजनिक प्रश्न झाली.

आपल्याकडे सुरुवात लहान गोष्टींनी होऊ शकते. उपजिल्हा रुग्णालयात पावसाळ्याच्या चार महिन्यांत पॅच टेस्टचा वार ठरवावा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने फोटो काढून पाठवावी, म्हणजे खेपा वाचतील. आशाताई घरोघरी जातात, त्यांना सुजलेल्या पापण्या आणि मानेवरचे चट्टे ओळखायला शिकवावं. नोंदवहीत एक रकाना वाढवावा. निदान झालेल्या सफाई कामगाराला, गँगमनला, मुकादमाने दुसरं काम द्यावं, मजुरी न कापता. नोंद नसेल तर यातलं काहीच मागता येत नाही, म्हणून माझा सगळा भर नोंदीवर आहे.

आणि तो सप्ताह. गेल्या ऑगस्टमध्ये मामांच्या गावात शाळेची मुलं रांगेने गाजर गवत उपटत होती. फलक होता, फोटो निघाले. एकाच्याही हातात मोजा नव्हता. उपटलेल्या गवताचे ढीग शाळेच्या भिंतीशी वाळत पडले होते. मामा तोंडाला उपरणं गुंडाळून लांब उभे होते, ओरडून मुलांना सांगत होते, "हात लावू नका रं!" शिक्षकांना ते वेडे वाटले असतील.

ग्रामपंचायतींना आणि मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या 16 ऑगस्टला मुलांना नेणार असाल, तर आधी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, आणि फुलं यायच्या आत, ओल्या जमिनीतून गवत काढा. मोजे नसतील तर मुलांना नेऊ नका. आणि तुमच्या घरात कुणाच्या पापण्या दर पावसाळ्यात सुजत असतील, तर मेडिकलमध्ये जाऊ नका. सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात जा आणि पॅच टेस्ट आहे का, हे स्वतःहून विचारा.