वृत्तपत्रविद्येचा प्राध्यापक आणि मराठवाड्याचा छापील ठेवा

गंगाधर पानतावणे हे मराठीचे प्राध्यापक. आधी मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात त्यांनी शिकवले. पण पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला तो वृत्तपत्रविद्येचा: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पत्रकारिता. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७) आणि 'जनता' (१९३०) या पत्रांचे संपादन, त्यांची भाषा, त्यांचा वाचक हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. शिवाय 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक छत्रपती संभाजीनगरातून त्यांनी जवळजवळ अर्धशतक चालवले. ज्या प्रश्नांवर वर्गात बोलायचे, त्यांवरच संशोधन करायचे आणि त्याच प्रश्नांवर लिहिणारी नवी माणसे अंकातून घडवायची, अशी ती एकसंध कामगिरी होती. छत्रपती संभाजीनगरात जनसंवादाचा प्राध्यापक कसा असावा, याचे उत्तर मला इथेच दिसते. मराठवाड्यात जे छापले आणि वाचले गेले, त्यापासून इथल्या वृत्तपत्रविद्या विभागाच्या अध्यापनाची व संशोधनाची सुरुवात व्हावी आणि सिद्धांत त्यातून वर यावा.

आपल्याकडे हा विषय उलट्या वाटेने आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग उभारला तो रोलंड वोल्सली या अमेरिकन प्राध्यापकाने. विकास आणि माध्यमे यांची सांगड घालणारा विल्बर श्रॅम यांचा ग्रंथ आला १९६४ मध्ये. त्या ग्रंथाआधीच महाराष्ट्रात एक मोलाचे संशोधन होऊन गेले होते. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवली. पॉल नॉयराथ यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे त्यांची पाहणी केली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना काय ठाऊक आहे हे विचारले आणि मंडळे नसलेल्या गावांशी ताडून पाहिले. पद्धत म्हणून आजही ती वर्गात शिकवावी इतकी चोख आहे. पण बोलणारी माणसे मराठी, आणि अहवाल युनेस्कोने छापला तो इंग्रजीत. ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्या हाती तो पडणार कसा?

मराठवाड्यात तर सामग्रीची वाण नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. जुने नाव कायम ठेवून आंबेडकरांचे नाव जोडणारा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखालील 'मराठवाडा' दैनिकाने नामांतराला विरोध केला होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या परंपरेतले हे दैनिक त्या साडेपंधरा वर्षांत कोणत्या शब्दांत बोलले, गावांतून आलेल्या कोणत्या बातम्या कुठल्या पानावर गेल्या, जळालेल्या घरांना मथळा मिळाला का, हे अंक पुढ्यात घेऊन मोजता येते. ज्या विद्यापीठाच्या नावावरून हे सगळे घडले, त्याच्याच वृत्तपत्रविद्या विभागाला याहून जवळचा विषय कुठला? भालेरावांविषयी आदर असणाऱ्यांनाही हा अभ्यास टाळता येणार नाही. आदर आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात.

यावर पहिला आक्षेप येतो की हे स्थानिक आहे, शास्त्र सार्वत्रिक हवे. पण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॅझार्सफेल्डांचा मतदारांचा गाजलेला अभ्यास ओहायोतल्या एका काउंटीपुरता होता, तरी जगभर शिकवला जातो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: विद्यार्थ्याला नोकरी हवी, त्याला कॅमेरा आणि मोबाइल पत्रकारिता शिकवा. शिकवावीच. मात्र जुन्या अंकांतली एक बातमी तिच्या उगमापर्यंत शोधत नेणे हे पडताळणीचेच शिक्षण आहे, आणि खोट्या चित्रफितींच्या या काळात त्याला मागणी आहे. तिसरी अडचण वेळेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असते. वर्ग आणि संशोधन वेगळे ठेवले तर हे तास संशोधन गिळतात. अंकांची तपासणी हेच पदव्युत्तर वर्गाचे प्रात्यक्षिक केले तर तेच तास संशोधनाच्या कामी येतात. पदोन्नतीच्या गुणांसाठी घाईने लिहिलेल्या निबंधांपेक्षा अशा पाच वर्षांच्या कामाला विद्यापीठाने जास्त वजन द्यायला हवे, आणि प्रबंध मराठीत आला म्हणून तो कमी लेखू नये.

एक उणीव मात्र मराठीनेही भरून निघत नाही. मौलवी अब्दुल हक यांनी १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक याच शहरातून सुरू केले. निजामी राजवटीतला कारभार आणि वादविवाद बराचसा उर्दू लिपीत आहे. ती लिपी न वाचणाऱ्या संशोधकाला या शहराच्या जनसंवादाचा अर्धा इतिहास बंद आहे. म्हणून अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात उर्दू लिपीवाचनाचा एक तास असावा, आणि त्याला विद्यार्थ्यांसोबत प्राध्यापकांनीही बसावे.