खोट्या गुरूचे खरे शिष्य

विक्रम गांधी न्यू जर्सीत वाढलेला, भारतीय वंशाचा तरुण. अमेरिकेत योगवर्गांबरोबरच गुरूंचंही पीक आलेलं पाहून तो अस्वस्थ झाला. त्यांच्यावर माहितीपट करायचा म्हणून त्यानं बरेच गुरू धुंडाळले, त्यासाठी भारतातही आला. शेवटी त्यानं ठरवलं, आपणच गुरू व्हायचं. दाढी-केस वाढवले, भगवी वस्त्रं घातली, आजीच्या धाटणीचं इंग्रजी उचललं आणि ‘कुमारे’ या नावानं तो अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात दाखल झाला. गाव खोटं, मंत्र रचलेले, आसनं मनाला येतील तशी. सोबत दोन मदतनीस आणि कॅमेरा. ‘कुमारे’ याच नावाचा हा माहितीपट 2011 मध्ये टेक्सासमधल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात दाखवला गेला आणि प्रेक्षक पुरस्कार घेऊन गेला.

फिनिक्सकरांनी एवढ्यावर विश्वास ठेवला कसा? याचं अर्धं उत्तर इतिहासात आहे. 1893 मध्ये विवेकानंद शिकागोला बोलले, 1920 मध्ये योगानंद अमेरिकेत पोहोचले, 1981 मध्ये रजनीश पुण्याचा आश्रम सोडून तिकडे गेले. पूर्वेकडून येणारा दाढीवाला माणूस आपल्याला काहीतरी देईल, ही अपेक्षा तिथे केव्हाचीच रुजलेली होती. कुमारेला फक्त त्या जागेवर जाऊन बसायचं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर शिष्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. कुमारेभोवती चौदा जणांचं एक मंडळ जमतं. त्यात फाशीच्या खटल्यांनी पिचून गेलेला बचावपक्षाचा वकील आहे, वाढत्या वजनाशी झगडणारी बाई आहे. ही भोळसट माणसं नव्हेत. शिकलेली, कमावती, स्वतःच्या घरात राहणारी माणसं आहेत. त्यांना हवा आहे तो आपलं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा कुणीतरी. कुमारे नेमकं तेच करतो. त्यातही एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तो शिष्याला म्हणतो, आता तू कुमारे हो, मी तुझ्या जागी बसतो. आणि तो माणूस स्वतःच्याच अडचणीवर शांतपणे, नेमका सल्ला द्यायला लागतो. उत्तर त्याच्याकडे होतंच. ते उच्चारायला त्याला दुसऱ्याचं आसन लागलं.

कुमारे अधूनमधून सरळ सांगतो, की मी गुरू नाही, मी खोटा आहे. शिष्य मान डोलावतात आणि त्यातही गूढ अर्थ शोधतात. श्रद्धेची ही ताकद पाहून धडकी भरते, कारण हीच गरज दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर काय होतं, हे अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यानं पाहिलं आहे. रजनीशांच्या अनुयायांनी तिथे सुमारे 64 हजार एकरांवर वसाहत उभारली. 1984 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू कालवले आणि 751 लोक आजारी पडले. शिष्यांची भूक इथे आणि तिथे सारखीच होती. फरक पडला तो जमिनीचा, सत्तेचा आणि बाहेरच्या जगाशी तुटण्याचा. फिनिक्सचे शिष्य वर्ग संपला की आपापल्या घरी जात होते.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते बुवाबाजीचे चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची हातचलाखीही सांगतात. लोक हसतात, शिकतात, दुखावत नाहीत. विक्रमनं मात्र सत्य महिनोन् महिने लांबवलं. खरं सांगायच्या ठरलेल्या दिवशी सगळे जमले असताना तो बोलूच शकला नाही. त्याची भीती पडद्यावर स्पष्ट दिसते: या माणसांवर आता त्याचा जीव जडला होता. पुढे तो दाढी-केस उतरवून, अमेरिकन उच्चारांत बोलत त्यांच्यासमोर उभा राहिला. बऱ्याच जणांनी त्याला मिठी मारली. काही जण मात्र दुरावले.

शिष्यांची थट्टा न करणारा असा चित्रपट विरळा, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. पण त्यांना खरं न सांगता त्यांची सर्वांत दुबळी घटका चित्रित केली गेली, हे मला पटत नाही. ज्यांचं भलं झालं ते शेवटी समाधानानं बोलतात. जे उठून गेले, त्यांना नेमकं काय लागलं, त्यांनी पुन्हा कुणावर विश्वास ठेवला का, हे चित्रपट पुरेसं विचारत नाही. मला त्यांचं म्हणणं अधिक ऐकायचं होतं.