जुन्या घरांतील वारा, ऊब आणि शेगडी

नागपूर म्हटले की परगावच्या माणसास वैशाखातील ऊन आठवते. येथील थंडीची आठवण कोणी काढीत नाही. आपणही ती संक्रांत उलटली की विसरून जातो. परंतु येथील वेधशाळेच्या नोंदीत ता. ७ जानेवारी १९३७ रोजी पारा ३.९ अंशांपर्यंत उतरल्याचे नमूद आहे, आणि तो उच्चांक नव्हे नीचांक एक्याऐंशी वर्षे टिकून ता. २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर मोडला. उत्तरेकडून कोरडे थंड वारे सुटले म्हणजे अशा चार-सहा रात्री दरवर्षी येतात. कापसाचा वेचा घरात येऊन पडलेला असतो, गव्हाला पाणी देण्याकरिता रात्रीबेरात्री शेतावर जावे लागते, आणि गारठून घरी यावे तर घरातही वाराच वाहत असतो. म्हाताऱ्या माणसांचा दमा व लेकरांचा खोकला ह्याच दिवसांत बळावतो. म्हणून जुन्या घरांतील थंडीचा बंदोबस्त कसा करावा, व तो करताना कोणती एक चूक कदापि करू नये, ह्याविषयी सभासद बंधूंपुढे चार शब्द मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही कोणी स्थापत्यशास्त्री नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करण्यात आमचे आयुष्य गेले. त्या नोकरीत घरपडीचे व आगीचे पंचनामे शेकड्यांनी आमच्या हातून गेले, आणि त्या निमित्ताने कोणती भिंत उभी राहते व कोणती बसते, हे पुष्कळ पाहावयास मिळाले. शिवाय आमचे स्वतःचे घर जुने, मातीचे व कवेलूंचे आहे. पुढील मजकूर ह्या दोन अनुभवांतून आलेला आहे.

घर उन्हाळ्याकरिता बांधलेले आहे

आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. आढे उंच, भिंती हात-दीड हात जाडीच्या, समोरासमोर दारे, आणि वरच्या अंगास झरोके. ऊन वारा वर चढतो व झरोक्यातून, कवेलूंच्या सांध्यांतून निघून जातो. त्याची जागा खालून येणारी हवा घेते. वैशाखात हाच गुण आपणास तारतो. पौषात मात्र हाच गुण अवगुण होतो. अंगाची, चुलीची, दिवसभराच्या उन्हाची जी ऊब घरात साठते ती वरून निसटते, आणि तितकीच गार हवा उंबरठ्याखालून आत ओढली जाते. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. एक, फट खालची असो वा वरची, दोन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे. दुसरी, थंडीत जे बुजवावयाचे ते होळीनंतर मोकळे करता येईल असे असावे. नाहीतर उन्हाळ्यात घराची भट्टी होईल.

फटी शोधण्याची रीत

वारा अंगाला लागतो तेथूनच तो येतो असे नाही. रात्री बाहेर झुळूक असताना दारे-खिडक्या लावाव्या, व एक उदबत्ती पेटवून ती दाराच्या कडांवरून, चौकट व भिंत ह्यांच्या सांध्यावरून, खिडकीच्या झडपांवरून व वाशांच्या टोकांजवळून सावकाश फिरवावी. धूर सरळ वर गेला तर तेथे फट नाही. तो आत ढकलला गेला किंवा बाहेर ओढला गेला तर त्या ठिकाणी खडूने खूण करावी. कापूस भरलेल्या खोलीत मात्र हा प्रयोग करू नये. आमच्या घरी असा शोध घेतला तेव्हा ज्या खिडकीला आम्ही वर्षानुवर्षे दोष देत होतो ती निर्दोष निघाली, आणि सगळा वारा मागील दाराच्या चौकटीमागून येत असल्याचे दिसून आले.

चौकटी, दारे व उंबरठे

लाकूड व माती ह्यांचे फार दिवस पटत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते; माती आपली जागा सोडून मागे सरते. ह्या सांध्यात बोटभर फट पडलेली पुष्कळ घरांत आढळते. ती सिमेंटने भरू नये. सिमेंट मातीस धरत नाही, आणि आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. सिमेंटच्या गिलाव्याआड भिजत राहिलेली मातीची भिंत एखाद्या श्रावणात एकाएकी बसते. असे पंचनामे आम्ही स्वतः लिहिलेले आहेत. त्याऐवजी चिकणमाती, शेण व बारीक कुटार ह्यांचा काला करून चार दिवस मुरू द्यावा. फट झाडून पाण्याने भिजवावी व काला दोन थरांत भरावा. पहिला थर वाळून त्याला चिरा पडल्या म्हणजे दुसरा द्यावा. एकाच वेळी भरलेला जाड थर वाळताना पुन्हा सुटतो.

सागवानी दारांच्या फळ्यांमध्ये पडलेल्या फटींवर आतील बाजूने लाकडाची पातळ पट्टी मारावी. पण खिळे एकाच फळीत मारावे, दोहोंत मारू नयेत. दोन्ही फळ्या जखडल्या तर लाकूड फुगताच पट्टी तरी उखडते किंवा फळी तरी चिरते. जुन्या गावच्या सुताराला हे सांगावे लागत नाही.

उंबरठ्याखालील फटीकरिता जुन्या लुगड्याची दाराच्या रुंदीइतकी लांब व मनगटाइतकी जाड पिशवी शिवून तीत कोरडी वाळू भरावी, व निजताना ती दाराला आतून लावून ठेवावी. कोंडा भरू नये. उंदीर ती फोडतात. ह्या कामास छदामही लागत नाही, आणि आमच्या समजुतीप्रमाणे सर्व उपायांत गुण मात्र याचाच आधी येतो.

कवेलू, टिनपत्रे व माळा

कवेलू पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा बसविले तरी वानरांची एक टोळी छपरावरून गेली की निम्मे काम वाया जाते. म्हणून कार्तिकात एकदा पुन्हा छपरावर नजर टाकावी. तरीही कवेलूंचे छप्पर निर्वात होणे शक्य नाही, व तसे करण्याची जरूरीही नाही. निजण्याच्या खोलीवर माळा असला की पुरे. लाकडी माळा नसेल त्यांनी बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घ्यावे, आडव्या वाशांवर ते बांधावे व वरून शेणमातीने पातळ सारवावे. वर धान्याच्या कणग्या अथवा कोरडा कडबा ठेवण्याची चाल होती, तिचा हा एक फायदा होता. त्या थरातून ऊब सहसा निसटत नसे. कडब्याखाली दिवा किंवा विस्तव नेऊ नये, हे सांगणे नकोच. वऱ्हाडातील धाब्याच्या घरांत पांढऱ्या मातीचा जाड थर हेच काम करतो.

कवेलूंचा त्रास नको म्हणून अलीकडे पुष्कळांनी टिनपत्रे घातली. पाऊस त्यांनी अडतो हे खरे. परंतु पत्रा रात्री झपाट्याने थंड होतो आणि पहाटे आतून त्यास घाम सुटून थेंब अंथरुणावर पडतात. अशा घरास माळ्याची गरज कवेलूंच्या घराहून दुप्पट आहे. तो माळा उन्हाळ्यातही तितकाच उपयोगी पडतो.

फुकटची ऊब

नागपूर २१ अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी सूर्य माथ्यावर येतो, व डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेकडे कलून आकाशाच्या निम्म्या उंचीवरच राहतो. दक्षिणेस सपरी किंवा ओसरी असेल तर उन्हाळ्याचे ऊन तिच्या छपरावरच अडते आणि हिवाळ्याचे ऊन आत भिंतीपर्यंत पोहोचते. ह्याचा लाभ घ्यावा. सकाळी दहापासून दक्षिणेची दारे सताड उघडावी, अंथरुणे उन्हात टाकावी, आणि दिवस मावळण्याच्या घटकाभर आधी दारे लावून घ्यावी. जाड मातीची भिंत दिवसा घेतलेली ऊब मध्यरात्रीपर्यंत सावकाश परत करते. पुष्कळ घरी उलट चालते. दिवसभर दारे बंद आणि रात्री गप्पा संपेपर्यंत उघडी!

निजण्याविषयीही एक सूचना आहे. सुताच्या बाजेखालून वारा खेळतो. अंगावर तीन गोधड्या घेऊन खाली एकच सतरंजी घालणारा मनुष्य रात्रभर कुडकुडतो. एक गोधडी वरची काढून खाली घातली तर फरक त्याच रात्री कळेल.

शेगडीविषयी इशारा

आता ज्या चुकीचा आरंभी उल्लेख केला तिजकडे वळतो. ही चूक आमच्याच हातून घडली आहे, म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

२०१८ सालच्या डिसेंबरात थंडीने कहर केला त्याच आठवड्यात आम्ही रजेवर गावी होतो. मातोश्रींचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांच्या खोलीच्या सर्व फटी आम्ही दिवसभर खपून बुजविल्या, झरोक्यात गोणपाट कोंबले, आणि रात्री लाकडी कोळशाची शेगडी चांगली फुलवून, धूर गेल्याची खात्री करून, त्यांच्या बाजेजवळ ठेविली. त्याच खोलीत आमचा पुतण्याही निजला होता. आपण मोठे सत्कृत्य केले ह्या समाधानात आम्ही ओसरीलगतच्या खोलीत जाऊन झोपलो. पहाटे आमचे कुटुंब पाणी तापविण्यास उठले तेव्हा आतून मातोश्रींचा क्षीण आवाज आला, "दार उघडा गं कोणी." दार लोटून पाहतो तो पुतण्या ओकारी काढून तसाच पडलेला, हाक मारली तरी ओ देईना, आणि मातोश्रींस उठून बसण्याचे त्राण नाही. दोघांस उचलून अंगणात आणिले व गाडी करून दवाखान्यात नेले. तेथे प्राणवायू देण्यात आला. देवाच्या कृपेने दोघेही वाचली. डॉक्टरांनी आम्हांस एवढेच विचारले, "खिडकी कोणी बंद केली होती?" ह्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले, तेव्हा मान वर करण्याची आमची छाती झाली नाही.

ह्याचे कारण असे. कोळसा जळताना हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. धूर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत म्हणूनच घातक आहे. ज्या निखाऱ्यास धूर नाही तोच हा वायू सोडीत असतो, आणि राखेने झाकला तरी सोडीत राहतो. आपल्या रक्तातील तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मनुष्य प्रथम डोके दुखते म्हणतो, मग घेरी व मळमळ येते, आणि पायांतील शक्ती जाते. झोपलेल्यास ह्यांपैकी काहीच कळत नाही. फ्रान्सचा जगद्विख्यात कादंबरीकार एमिल झोला हा १९०२ साली पॅरिस शहरी आपल्या निजण्याच्या खोलीत ह्याच वायूने मेला. त्याच्या शेकोटीचे धुराडे तुंबले होते. जेथे तशा माणसाचा निभाव लागला नाही तेथे आपला काय पाड?

म्हणून नियम एकच ठेवावा. ज्या खोलीत माणूस निजतो त्या खोलीत शेगडी, घमेले अथवा निखारा रात्री राहता कामा नये. खिडकी किंचित उघडी ठेविली आहे एवढ्या भरवशावरही राहू नये. शेकावयाचे ते ओसरीवर किंवा अंगणात शेकावे व निजताना विस्तव बाहेरच ठेवावा. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर थंडी बाधली असे न समजता दारे उघडावी, सर्वांस मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मग ऊब कशाने आणावी?

विटा चुलीजवळ तापवून, फडक्याच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून पायथ्याशी ठेवाव्या. गरम पाण्याची रबरी पिशवी मिळाली तर उत्तमच. ह्यांत विस्तव नसल्यामुळे वायूचे भय नाही. विजेच्या शेगडीतही हा वायू नाही. परंतु जुन्या घरातील तारा जुन्या असतात, म्हणून त्या आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्याव्या.

कायमचा उपाय म्हणजे धुराड्याची चूल. ह्यासाठी फार दूर पाहावयास नको. वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतून स्वातंत्र्याच्या सुमारास मगनचूल प्रसिद्धीस आली. तिचे तत्त्व असे की, एका तोंडातील जाळ आतल्या मार्गाने दुसऱ्या भांड्याखाली जावा व उरलेला धूर धुराड्यावाटे छपराबाहेर पडावा. आता पुष्कळ घरी गॅस आला असला तरी पाणी तापविण्यास चूल पेटतेच. ती निजण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून घातली तर भिंत तापून पलीकडे ऊब देते, आणि विस्तव व धूर मात्र अलीकडेच राहतात. कोरिया देशात चुलीचा धूर जमिनीखालील नळ्यांतून फिरवून घरे उबदार ठेवण्याची रीत फार जुनी आहे. तिचे मर्मही हेच. धुराडे आढ्याहून हातभर उंच न्यावे, वासे व बत्त्या त्यापासून वीतभर दूर ठेवाव्या, काजळी दरसाल काढावी, आणि चुलीच्या खोलीचा झरोका कधीही बुजवू नये. धुराडे हवा बाहेर ओढते. तितकी हवा आत येण्यास वाट नसेल तर धूर उलटा फिरतो.

तात्पर्य, जुने घर पाडण्याची घाई करू नये. आपल्या हाताने माती कालवून, दोन तट्टे व एक वाळूची पिशवी एवढ्यावर ते पुष्कळ उबदार होते. वारा अडवावा, घराचा श्वास अडवू नये. आमच्या घरच्या त्या झरोक्यातील गोणपाट त्याच दिवशी काढून टाकिले. मातोश्री त्यानंतर तीन हिवाळे आमच्यात होत्या, आणि दर हिवाळ्यात निजण्यापूर्वी आम्ही त्यांच्या पायांशी तापलेली वीट ठेवीत असू.