परिवेष्टी ध्वनिसंस्कारक
ध्वनिमुद्रणातील निरनिराळे ध्वनिमार्ग वेगळे करून श्रोत्याभोवतीच्या लाउडस्पीकरांसाठी पुरविणारे इलेक्ट्रॉनीय उपकरण. काही प्रकारांत विवर्धक त्याच पेटीत असतो. अन्यथा तो वेगळा घ्यावा लागतो. घरगुती वापरासाठी ‘डॉल्बी सराउंड’ १९८२ मध्ये आले. रूढ ५·१ रचनेत पुढे तीन, बाजूंस किंचित मागे दोन व मंद्र ध्वनीसाठी एक लाउडस्पीकर असतो. ध्वनीचा वेग सेकंदास सु. ३४५ मी. असल्याने एक मीटर जवळच्या लाउडस्पीकरचा ध्वनी सु. ३ मिलिसेकंद आधी पोहोचतो. संस्कारक त्यास तेवढा विलंब देतो.

खरेदीच्या वेळी बहुधा ध्वनिमार्गांची संख्याच पाहिली जाते. वस्तुतः खोली आधी पाहावी. सेलू (जि. परभणी) येथे काय किंवा मुंबईत काय, फरशी, गिलावा केलेल्या भिंती व सपाट छत असलेल्या खोलीत ध्वनी रेंगाळतो आणि संवाद अस्पष्ट होतात. मार्ग वाढविल्याने हा दोष जात नाही. जाड सतरंजी व पडदे उच्च कंप्रतेचे ध्वनी शोषतात, मंद्र ध्वनी फारसे शोषत नाहीत. म्हणून मायक्रोफोनने खोलीचे मापन करून मंद्र ध्वनीची पातळी सुधारणारा पाच मार्गांचा संस्कारक, तशी सोय नसलेल्या नऊ मार्गांच्या संस्कारकापेक्षा लहान खोलीस अधिक उपयुक्त ठरतो.