उमऱ्याचा खर्च : पती-पत्नीने हिशेब कसा मांडावा?

उमऱ्याला जोडीने जावे, ही आपल्याकडील अनेक दांपत्यांची मनीषा असते. परंतु दुकानाचा रोजमेळ चोख ठेवणारा व्यापारीही या प्रवासाचा हिशेब ‘अल्लाह निभावून नेईल’ म्हणून मोकळा सोडतो. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही हदीसची शिकवण येथेही लागू पडते.

पैसा कोणाचा?

पहिला प्रश्न किती खर्च, हा नसून कोणाचा पैसा, हा आहे. इस्लाममध्ये विवाहानंतरही स्त्रीची मालमत्ता तिचीच राहते. मेहर, वारशाचा हिस्सा, स्वतःचे दागिने, शिवणकामाची किंवा नोकरीची कमाई यांवर पतीचा आपोआप हक्क नसतो. उलट घरखर्चाची जबाबदारी पतीवर आहे. पत्नीच्या उमऱ्याचा प्रवासखर्च कोणावर, याविषयी कोकणातील शाफई व देशावरील हनफी बांधवांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

पत्नी पैसे घालत असेल तर ते कशासाठी, हे तेव्हाच ठरवावे. ती स्वतःचा खर्च स्वतः करीत आहे, पतीला भेट देत आहे की कर्ज देत आहे? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पुढे घरात कुरबुर होते ती बहुधा हे न बोलल्यामुळे. कर्ज असेल तर ते लिहून ठेवावे. सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीतील हा आदेश पती-पत्नीलाही तितकाच उपयोगी आहे. पत्नीने रोख रुपये दिले असतील तर तेवढे रुपये लिहावेत. दागिनाच उसना दिला असेल तर त्याचे वजन आणि कस लिहावा, कारण सोन्याचा भाव चार वर्षांनी तोच राहत नाही.

खर्चाची यादी

पॅकेजमध्ये सहसा विमानभाडे, व्हिसा, मक्का-मदिनेतील मुक्काम, जेवण व बसभाडे येते. जीएसटी त्यात धरला आहे का, हे विचारून घ्यावे. पासपोर्ट, एहराम, औषधे, विमानतळापर्यंतचा प्रवास, खजूर व भेटवस्तू, मागे राहिलेल्या मुलांची सोय आणि दुकान बंद राहिल्यास बुडणारा धंदा हे सारे पॅकेजबाहेरचे. अंदाज चुकतो तो येथेच.

जोडप्याने खोलीचा प्रकार विशेष पाहावा. चौघांच्या किंवा पाच जणांच्या खोलीचा दर स्वस्त असतो. पण अशा पॅकेजमध्ये पुरुष व स्त्रिया यांना बहुधा वेगवेगळ्या खोल्या मिळतात. दोघांची स्वतंत्र खोली महाग पडते. रमजानमध्ये, त्यातही शेवटच्या दहा दिवसांत, दर सर्वाधिक चढतात.

वाटणी कशी करावी?

उदाहरणादाखल पॅकेज दोघांचे मिळून २,००,००० रुपये व बाहेरचा खर्च ४०,००० रुपये धरू. पतीची मासिक कमाई ३०,००० व पत्नीची २०,००० रुपये आहे. २४ महिन्यांत रक्कम जमवायची तर दरमहा १०,००० रुपये हवेत. निम्मे-निम्मे केल्यास प्रत्येकी ५,००० येतात. परंतु हा पतीच्या कमाईचा सहावा, तर पत्नीच्या कमाईचा चौथा हिस्सा होतो. तीनास दोन या प्रमाणात ६,००० व ४,००० घातल्यास दोघांवरही कमाईच्या पाचव्या हिश्श्याचाच भार पडतो. पतीच्या कमाईतून घरखर्च आधी जात असेल तर उरलेल्या रकमेवरून प्रमाण काढणे अधिक न्यायाचे होईल. पत्नीची कमाई नसेल तर तिचा हिस्सा शून्य लिहावा. उपकाराची भाषा करू नये.

जमा रक्कम दुकानाच्या गल्ल्यात मिसळू देऊ नये. मलेशियात १९६३ साली हजच्या बचतीसाठी सुरू झालेल्या ‘ताबुंग हाजी’ या संस्थेत यात्रेकरू आपापल्या नावाच्या खात्यात थोडे थोडे साठवीत आले आहेत. आपणही दोघांच्या नावे दोन खाती ठेवावीत.

दोन व्यवहारी सूचना

सौदी रियाल १९८६ पासून डॉलरशी बांधलेला आहे. एका डॉलरला ३.७५ रियाल. त्यामुळे रियालचा भाव पाहायचा तर डॉलरवर नजर ठेवावी. डॉलर वधारला की मक्केतील मुक्कामही रुपयांत महागतो. यासाठी अंदाजावर दहा टक्के जादा ठेवावेत.

दुसरे म्हणजे, १ ऑक्टोबर २०२० पासून परदेश प्रवासाच्या पॅकेजवर टीसीएस हा कर आगाऊ घेतला जातो. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरताना चालू दर विचारावा. ही रक्कम ज्याच्या पॅनवर जमा होते, त्यालाच विवरणपत्र भरून ती करात वळती करता येते किंवा परत मागता येते. म्हणून पावती कोणाच्या नावे व पॅनवर घ्यायची, हे दोघांनी आधीच ठरवावे. पावतीशिवाय रोख रक्कम एजंटाच्या हाती देऊ नये.

ज्या घरात असा कागद निघण्यापूर्वी लिहिला जातो, तेथील दांपत्य परतल्यावर देण्या-घेण्यावरून एकमेकांचे मन दुखावणार नाही, असे आम्हाला वाटते. इन्शाअल्लाह, बंधू-भगिनींनी हे करून पाहावे.