सातबाऱ्यापासून ग्रीन कार्डापर्यंत

मोताळ्यात कपाशीचे शेत विकले, तर त्या पैशाची कुंडली म्हणजे सातबारा, फेरफार आणि खरेदीखत. गुंतवणुकीच्या बदल्यात ग्रीन कार्ड देणाऱ्या अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसासाठी हीच कागदपत्रे लागतात, कारण पैसा सरळ मार्गाने आला हे सिद्ध करावे लागते.

१९९० साली सुरू झालेल्या या योजनेत गुंतवणूकदार नव्या व्यावसायिक संस्थेत, बहुधा मर्यादित भागीदारीत, पैसे घालतो. २०२२ च्या कायद्याने ग्रामीण प्रकल्पांसाठी किमान रक्कम ८ लाख डॉलर ठरवली. प्रत्येक गुंतवणुकीमागे १० पूर्णवेळ रोजगार उभे राहायला हवेत. परताव्याची हमी चालत नाही. जोखीम खरीच असावी लागते.

आपली रिझर्व्ह बँक माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवू देते. म्हणजे एकट्याला ही ८ लाखांची रक्कम चार आर्थिक वर्षांत विभागावी लागते.

परताव्याची हमी नसते, म्हणून वडिलोपार्जित जमीन विकण्याआधी भागीदारीचा करारनामा ओळ न ओळ वाचून घ्या. गेलेले शेत पुन्हा हाती येत नाही.